चौरागडाच्या पायऱ्यांवर

चौरागडाच्या पायथ्याशी मी आयुष्यात दोनदा गेले. पहिल्यांदा १९७८ साली, तेरा वर्षांची असताना. दुसऱ्यांदा २०२३ च्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, अठ्ठावन्नाव्या वर्षी. दोन्ही वेळा माथ्यावरचं महादेवाचं देऊळ काही मी पाहिलं नाही. आपल्या अंकासाठी पचमढीवर लिहा असं सांगण्यात आलं, तेव्हा आधी हेच मनात आलं की जी मुख्य जागाच पाहिली नाही तिच्यावर काय लिहायचं? पण न पाहण्याचं कारण दोन्ही वेळा एकच होतं, आणि ते सांगण्यासारखं आहे.

इंदूरच्या माणसाला पचमढी नवीन नाही. नर्मदा एक्सप्रेसमध्ये बसायचं, उज्जैन, भोपाळ, इटारसी मागे टाकायची आणि पिपरियाला उतरायचं. स्टेशनाबाहेर पोहे मिळतात. ते खाऊन 'आपल्यासारखे नाहीत' असं म्हणणं ही इंदूरकराची रीतच आहे, ती आम्हीही पाळली. पिपरियाहून पचमढी पन्नास-एक किलोमीटर. मटकुलीला देनवा नदीचा पूल लागतो, छिंदवाड्याकडून येणारा रस्ता तिथेच मिळतो, आणि मग घाट सुरू होतो. सागाची झाडं हळूहळू मागे पडतात, सालाची सुरू होतात आणि हवा बदलते. सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर धूपगड इथेच आहे, सुमारे साडेतेराशे मीटर. कॅप्टन फोर्सिथ नावाचा इंग्रज अधिकारी १८५७ साली इथवर आला आणि मग इंग्रजांनी इथे छावणी वसवली, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे गोंड आणि कोरकू लोक राहत होते आणि महादेवाला त्रिशूळ वाहिले जात होते, हे मात्र जरा बारीक अक्षरांत असतं.

आम्ही मात्र सहलीला निघालो नव्हतो. माझ्या धाकट्या भावाची मुलगी नववीत होती आणि तिच्या शाळेच्या गाइड पथकाबरोबर मी 'सोबतीची बाई' म्हणून चालले होते. बँकेतून निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मुलींबरोबर दोन गाइड कॅप्टन होत्या, पण चौदा मुली म्हटल्यावर आणखी एक मोठं माणूस हवं होतं. भाचीने माझं नाव सुचवलं. "आत्या पण गाइड होती, तिला सगळं येतं," असं तिने शाळेत ठोकून दिलं होतं. मला काय येतं आणि काय आलं नव्हतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

स्काउट-गाइडवाल्यांना पचमढी म्हणजे माहेर वाटतं. भारत स्काउट्स आणि गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र इथे आहे आणि साहस-शिबिरांची संस्थाही इथेच. देशभरातले शिक्षक इथे येऊन 'हिमालय वुड बॅज'चं शिक्षण घेतात, गळ्यात चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी घालतात आणि आपापल्या गावी परत जाऊन मुलांना गाठी शिकवतात. गाठींची नावं आम्ही हिंदीतच शिकलो: डॉक्टरी गाँठ, जुलाहा गाँठ, खूँटा फाँस, मछुआ गाँठ. आज पंचेचाळीस वर्षांनंतरही गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी मी खूँटा फाँस घालूनच बांधते. ती सुटत नाही.

थोडं या चळवळीबद्दल सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळांना 'स्काउट' म्हणजे २६ जानेवारीला गळ्यात स्कार्फ घालून सलाम ठोकणारी मुलं एवढंच माहीत असतं. लॉर्ड बेडन-पॉवेल हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी. दक्षिण आफ्रिकेत १८९९-१९०० मध्ये मॅफेकिंग गावाला वेढा पडला तेव्हा गावातल्या पोरांनी निरोप पोचवायची कामं चोख केली, आणि मुलांवर जबाबदारी टाकली तर ती पेलतात हे त्यांनी तिथे पाहिलं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. त्या वर्गभेदाच्या काळात श्रीमंतांच्या शाळांतली मुलं आणि कामगारांची मुलं त्यांनी एकत्र केली आणि त्यांच्या चार टोळ्या पाडल्या. प्रत्येक टोळीचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा. सारी स्काउटिंग या एका कल्पनेवर उभी आहे: सहा ते आठ मुलांची टोळी, तिचा मुलांतलाच नायक, आणि मोठ्या माणसाने शक्यतो मागे राहायचं. दोन वर्षांनी लंडनच्या मेळाव्यात मुली आपणहून येऊन उभ्या राहिल्या, "आम्हीही स्काउट आहोत" म्हणाल्या, आणि १९१० साली गाइडची सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी भारतातलं पहिलं गाइड पथक निघालं, तेही आपल्या जबलपूरला.

पण त्या पहिल्या पथकांत हिंदी मुलांना जागा नव्हती. ती इंग्रजांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांसाठी होती. म्हणून ॲनी बेझंट यांनी दक्षिणेत वेगळी संघटना काढली, आणि उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी १९१८ साली सेवा समितीची स्काउट संघटना उभारली. यात आपला एक धागा आहे. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य. सार्वजनिक सेवेचं गोखल्यांनी घालून दिलेलं वळण या चळवळीत अशा वाटेनेही आलं. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटना एक झाल्या आणि भारत स्काउट्स आणि गाइड्स तयार झाली. पुढच्या वर्षी गाइडही त्यात आल्या.

आता १९७८.

तेव्हा मी इंदूरच्या एका मराठी शाळेत आठवीत होते आणि 'चमेली' टोळीची नायिका होते. गाइडच्या टोळ्यांना फुलांची नावं असतात. दसऱ्या-दिवाळीच्या सुट्टीत आमचं पथक पचमढीला आलं. तंबू, शेकोटी, थंडी आणि घरापासून लांब राहण्याची पहिलीच वेळ. बांबू आणि सुतळी वापरून आम्ही चपला ठेवायचा रॅक केला, भांड्यांची मांडणी केली, टॉवेल वाळत घालायला तिकाटणं केलं. रोज तंबूंची तपासणी होई आणि गुण फळ्यावर लिहिले जात. तीन दिवस चमेली पहिली होती. ते गुण माझ्या डोक्यात गेले होते, हे आज कबूल करते.

चौथ्या दिवशी खोजचिन्हांचा खेळ होता. पुढे गेलेल्या मोठ्या मुली दगडांचे बाण, गवताच्या गाठी, फांद्यांची फुली अशी चिन्हं ठेवून जातात आणि टोळ्यांनी ती ओळखत शेवटपर्यंत पोहोचायचं. फुली म्हणजे हा रस्ता नाही. वर्तुळात ठिपका म्हणजे मी घरी गेले, खेळ संपला. केनियातल्या बेडन-पॉवेल यांच्या कबरीवरही तेच चिन्ह कोरलेलं आहे. जटाशंकरच्या बाजूला ती वाट होती. माझ्या टोळीत एक सहावीतली मुलगी होती, सगळ्यांत लहान. नवा बूट चावून तिच्या टाचेला फोड आला होता आणि ती सारखी मागे पडत होती. गुलाब टोळी आमच्या पुढे निघून चालली होती. मी तिला एका आंब्याच्या झाडाखाली बसवलं आणि म्हटलं, "तू इथेच बस, हलू नकोस. येताना तुला घेऊन जाऊ."

आम्ही पहिल्या आलो. पण खेळ संपला तो दुसऱ्या बाजूला, आणि परतीची वाट त्या झाडावरून जात नव्हती. ओळी लागल्या. बाईंनी प्रत्येक नायिकेला विचारलं, "टोळी पूर्ण?" मी म्हटलं, "पूर्ण." ती मागोमाग येत असेल, कुणी आणली असेल, आत्ता 'नाही' म्हटलं तर पहिला नंबर जाईल, असं काय काय त्या एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. मग आम्ही तळावर आलो, चहा झाला, आणि खरं सांगते, मी विसरले.

अंधार पडल्यावर जेवणाच्या पंगतीत एक ताट रिकामं राहिलं. तेव्हा मी बाईंना सांगितलं. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. कंदील आणि बॅटरी घेऊन त्या आणि केंद्रातले दोघे गडी निघाले, मला बरोबर घेतलं. ती त्याच झाडाखाली होती. गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, स्कार्फ डोक्याला बांधला होता. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "अगं, तळ इतका जवळ, हाका तरी मारायच्यास. चालत का नाही आलीस?" ती म्हणाली, "ताईंनी सांगितलं होतं, हलू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसभा बसली. मानसभा म्हणजे सगळ्या नायिकांची बैठक, पथकातल्या गोष्टींचा निवाडा मुलींनीच करायचा. बाई कोपऱ्यात बसून राहिल्या. मला वाटलं होतं माझी पट्टी काढून घेतील. नायिकेच्या दोन पट्ट्या असतात, त्या जातील म्हणून मी रात्रभर झोपले नव्हते. मुलींनी ठरवलं ते वेगळंच. नायिका तीच राहील. त्या दिवशी सगळं पथक चौरागड चढणार होतं, तेव्हा फोड आलेली मुलगी खाली राहील आणि मी तिच्यासोबत खाली राहीन. आणि इथून पुढे वाटेने जाताना मी टोळीच्या शेवटी चालेन. मी बाईंकडे पाहिलं. नायिकेने शेवटी कसं चालायचं? बाई एवढंच म्हणाल्या, "नायिका पुढेच चालते असं कोणी सांगितलं तुला? मागे राहिलं की सगळे दिसतात."

मग तो अख्खा दिवस आम्ही दोघी महादेवाच्या गुहेजवळ बसून होतो. गुहेत छतावरून थेंब थेंब पाणी गळतं ते मोजलं. मी तिला फोडावर पट्टी बांधून दिली, माझ्या वाटचा लाडू दिला. समोर चौरागड दिसत होता, त्यावर चढणारी आमच्या पथकाची रांग मुंग्यांसारखी दिसत होती. सगळं केलं, पण 'माझं चुकलं' हे मी म्हटलं नाही. वाटलं, शिक्षा तर भोगतेच आहे, आता वेगळं काय म्हणायचं. वार्षिक परीक्षेनंतर तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब इंदूर सोडून गेलं. पुढे भेट नाही.

म्हणून भाचीने "चल ना आत्या" म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं नव्हतं.

२०२३ साली महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला, शनिवारी होती. आपल्यातल्या अनेकांना माहीत नसेल, पण पचमढीचा महादेव विदर्भातल्या लोकांचाही देव आहे. अमरावती, नागपूर, वर्धा या बाजूची माणसं महाशिवरात्रीला महादेवाला आणि नागपंचमीला नागद्वारीला येतात. पिढ्यानपिढ्या येतात. नवस फेडायला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. लहान त्रिशूळ असतो तसा चार माणसांनी उचलायचाही असतो. माथ्यावर त्रिशुळांचे ढीग लागलेले असतात असं सगळे सांगतात.

आमच्या पथकाचं ठरलं होतं ते असं: बुधवारी-गुरुवारी मेळ्यात सेवा, शुक्रवारी पहाटे चौरागड, आणि खरी गर्दी उसळायच्या आत परतीची गाडी. मुलींच्या दोन टोळ्या होत्या. कामं वाटून दिलेली: एका टोळीने महादेवाच्या वाटेवर पाणी द्यायचं आणि नारळाच्या शेंड्या, पत्रावळी, प्लास्टिक गोळा करायचं. दुसरीने मदत केंद्रात बसून हरवलेल्यांची नोंद घ्यायची आणि किरकोळ मलमपट्टी करायची. गळ्यातला तिकोनी स्कार्फ शोभेचा नसतो. तो हात झोळीत अडकवायला, जखम बांधायला असतो. एका आजोबांचा पाय मुरगळला तेव्हा मुलींनी दोन लाठ्या आणि एक चादर घेऊन तीन मिनिटांत स्ट्रेचर केलं. आजोबा म्हणाले, "मी चालतो पोरींनो, लाज वाटते." पण झोपले त्यावर.

भाचीची टोळी मदत केंद्रात होती. आता आमच्या घरचं सांगते, ते तुमच्याही घरचं असेल. भाची मराठी समजते, बोलते मोजकंच. घरी आम्ही मराठीत विचारतो आणि ती हिंदीत उत्तर देते. "आत्या, मेरी मराठी ऐसी ही है" असं म्हणून सुटका करून घेते. भाऊ पूर्वी चिडायचा, आता तोही हिंदीत बोलतो. इंदूरला आपली चौथी-पाचवी पिढी. होळकरांच्या काळात आलेली घरं. मराठी उरली ती सणावारी आणि आजीपाशी. आणि आजी गेल्या.

गुरुवारी दुपारी एक म्हातारी केंद्रात आली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, रडून डोळे सुजलेले. तिथला माणूस हिंदीत विचारत होता, ती घाबरून काहीच धड सांगत नव्हती. भाची उठून तिच्याजवळ खाली बसली.

"आजी, काय झालं? मला सांगा ना."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं आणि धबधबा सुरू झाला. "माहा नातू कुठी गेला व माय? पानी आनतो म्हने अन् गेला. सकायपासून पायतो मी त्याची वाट." गाव मोर्शीकडचं. नातू वीस वर्षांचा, पांढरा शर्ट. भाची वहीत लिहीत होती, अर्धं तिला कळत नव्हतं, पण विचारत होती. मग माइकवर जायची वेळ आली. तिथे सगळ्या घोषणा हिंदीत चालल्या होत्या. ती माझ्याकडे आली. "आत्या, मराठीत बोलू? हसतील?" मी म्हटलं, "तुझ्या नातवाला शोधतोय का आपण? तिच्या. तिच्या बोलीत बोल."

तिने कागदावर लिहून घेतलं. 'हिरव्या साडीतली आजी' असं लिहिलं, तर म्हातारी म्हणाली, "साडी नोको म्हनू, लुगडं म्हन. साडी म्हटलं त वयखन कसा तो?" भाचीने 'साडी' खोडलं. मग माइकवर तिचा आवाज ऐकू आला, थोडा कापरा, 'ळ' चा 'ल' होत असलेला: मोर्शीकडून आलेली, हिरव्या लुगड्यातली आजी मदत केंद्रात बसलेली आहे, तिच्या नातवाने यावं, ती ठीक आहे. तीनदा सांगितलं. गर्दीतली कितीतरी माणसं थांबून वर कर्ण्याकडे पाहू लागली. दोन दिवस हिंदीच ऐकत होती ती.

तासाभराने नातू आला, धावत, घामाघूम. म्हातारीने आधी त्याला एक धपाटा घातला, मग भाचीला जवळ ओढून विचारलं, "तू कोन्त्या गावची व माय?"

"इंदूरची, आजी."

"थ्या हिंदी मुलखात मराठी कशी काय बोलतं तू?"

भाची जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी बोलतात."

म्हातारीने पिशवीतून मुरमुऱ्याचा लाडू काढून तिला दिला आणि निघून गेली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मराठी घोषणांचं काम भाचीकडेच आलं. दुसऱ्या मुली तिला चिडवत होत्या, पण कागद तिच्याकडेच आणून देत होत्या. मी वीस वर्षं घरात जे बोलून साधलं नाही ते एका तासात झालं, असं म्हणणार नाही. परत आल्यावर ती पुन्हा हिंदीतच उत्तर देते. पण फोनवर विदर्भातला कोणी असला तर आता ती रिसीव्हर माझ्याकडे ढकलत नाही.

शुक्रवारी पहाटे पाच वाजता आम्ही चौरागडाला लागलो. महादेवाच्या गुहेपासून साडेतीन-चार किलोमीटरची वाट, त्यात तेराशेच्या आसपास पायऱ्या. बॅटऱ्यांच्या उजेडात माणसांची ओळ वर सरकत होती, "हर हर महादेव"चा गजर मध्येच उठत होता. उजाडल्यावर दरी दिसू लागली, आणि एका फांदीवरून दुसरीवर झेप घेणारं शेकरू दिसलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी इथे पाहुणा नाही, घरचाच आहे.

भाचीच्या टोळीची नायिका ही एका शिंप्याची मुलगी, अंगाने लहानशी, फारसं न बोलणारी. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, ही कसली नायिका? ती दर थांब्याला एक काम करत होती. ओळीच्या शेवटाला येऊन मोजत होती. "एक, दो, तीन..." सातपर्यंत. सात झाल्याशिवाय "चलो" म्हणत नव्हती. मुली कंटाळून म्हणत, "अरे, सब हैं यार." ती मोजायचीच.

अर्ध्याहून थोडं वर आल्यावर एका मुलीला दम लागला. तिला दम्याचा त्रास होता, पंप बरोबर होता, तो घेतला, पण छाती भरलेलीच राहिली. कॅप्टन दुसऱ्या टोळीबरोबर पुढे होत्या. मी काही सांगणार एवढ्यात नायिकेने तिला पायरीवर सरळ बसवलं, स्कार्फ सैल केला, भोवतालच्यांना बाजूला केलं, आणि उपनायिकेला म्हणाली, "तू पाँच को लेके ऊपर जा, मैं इसके साथ रुकूँगी. ऊपर दीदी को बता देना. और उतरते समय इसी रास्ते से आना, दूसरे से नहीं." शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं.

उपनायिका म्हणाली, "पर तूने त्रिशूल नहीं देखा है."

"अगली बार."

मी म्हटलं, "तू जा बेटा, मी थांबते हिच्याजवळ. मला तसंही वर जाववणार नाही." हे अर्धं खरं होतं. नायिका म्हणाली, "नहीं आंटी, ये मेरी टोली की है." तिच्या बोलण्यात मोठेपणा नव्हता. पिशवी कोणाची आहे हे सांगावं तसं तिने सांगितलं.

मग आम्ही तिघी त्या पायरीवर दोन तास बसलो. दम हळूहळू बसला. माकडं येऊन पिशवी हुंगून गेली. लिंबू-सरबतवाल्याने पैसे न घेता पाणी दिलं. खांद्यावर मोठा त्रिशूळ घेतलेली माणसं आमच्या शेजारी टेकून श्वास घेत आणि पुढे जात. आणि का कोण जाणे, मी त्या दोघींना १९७८ ची गोष्ट सांगितली. घरी कधी कोणाला सांगितली नव्हती. भावाला नाही, नवऱ्यालाही नाही. आंब्याचं झाड, "पूर्ण" म्हटलं ते, रिकामं ताट, सगळं.

नायिकेने नीट ऐकून घेतलं. मग तिने सरळ विचारलं, "फिर आपने उनको सॉरी बोला?"

"नाही," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. दम लागलेली मुलगी माझ्या खांद्याला टेकून बसली होती, तीही नाही. थोड्या वेळाने वरून मुलींचे आवाज आले. त्या त्याच वाटेने परत आल्या. भाचीच्या कपाळाला अंगारा लागलेला होता. नायिका उठून उभी राहिली आणि मोजायला लागली. या वेळी सातावर थांबली नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आठ."

आपल्या मंडळातले पालक मला विचारतात, स्काउट-गाइडचा उपयोग काय? मार्क मिळतात का? राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशी प्रमाणपत्रं असतात, रेल्वेच्या भरतीत स्काउट-गाइडसाठी थोड्या राखीव जागाही असतात, हे खरं आहे. काही ठिकाणी हे सगळं फक्त कागदावर चालतं, मुलांना एकही तंबू न दाखवता प्रमाणपत्रं वाटली जातात, हेही मी पाहिलं आहे. म्हणून शाळेत पथक आहे का एवढंच विचारू नका. शिबिर होतं का, टोळ्या खरंच केलेल्या आहेत का, नायकाला काही ठरवायची मुभा आहे का, हे विचारा. दहा वर्षांपासून मुलं स्काउट-गाइड होऊ शकतात, त्याआधी कब-बुलबुल असतं. सगळं ठरवणारा मोठा माणूस असेल तर ती नुसती कवायत होते. मुलाला सहा जणांचा भार दिला, त्याची चूक होऊ दिली आणि ती चूक त्याच्यापुढे ठेवली, तर मग काहीतरी होतं. माझं झालं ते बाईंच्या ओरडण्याने नाही. मागे चालायला लावल्याने झालं. बँकेत पुढे शाखा सांभाळताना रोज संध्याकाळी सगळे गेले का, कोणी मागे राहिलं का, हे पाहून मगच मी कुलूप लावायला सांगायचे. लोकांना वाटायचं बाई फार काटेकोर आहेत.

पचमढीला जायचं असेल तर पावसाळ्यानंतर जा, ऑक्टोबर ते मार्च. बी फॉल, पांडव लेणी, धूपगडचा सूर्यास्त, सगळं पाहा. महाशिवरात्रीच्या गर्दीत गेलात तर लहान मुलाच्या खिशात फोन नंबर लिहून ठेवा आणि म्हाताऱ्यांना एकटं सोडू नका. आणि कर्ण्यावर मराठी ऐकू आली तर थांबून ऐका, कदाचित आपल्यातलीच कोणी पोर बोलत असेल.

आणि १९७८ साली इंदूरच्या शाळेतून चमेली टोळीत पचमढीला गेलेली, तेव्हा सहावीत असलेली कोणी हे वाचत असेल, तर तिच्यासाठी एवढंच: त्या दिवशी मी 'पूर्ण' म्हटलं ते खोटं होतं. माझं चुकलं. महादेवाच्या गुहेपाशी दिवसभर वेळ होता, तरी म्हटलं नाही. आता म्हणते.